सांधा नवा, मांडी तीच
गुडघ्याच्या सांधेरोपण शस्त्रक्रियेपूर्वीचे बलवर्धक व्यायाम

संस्थेच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रियांची संख्या, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. परंतु रुग्णसेवेतील काही काळ असाही असतो, की ज्याची नोंद कोणत्याच तक्त्यात सापडत नाही. गुडघ्याच्या सांधेरोपणाचा निर्णय झाल्यापासून रुग्ण प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात जाईपर्यंतचे आठवडे हा असाच काळ होय. प्रस्तुत लेख त्या आठवड्यांविषयी आहे.

अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र दाखवून ‘आता सांधा बदलावा लागेल’ असे सांगितले की नातेवाइकांचे तीन प्रश्न ठरलेले असतात: तारीख कधीची मिळेल, खर्च किती येईल आणि चालता कधी येईल. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो म्हणजे, ‘तोपर्यंत आम्ही काय करावे?’ हा प्रश्न न विचारण्याचे कारण उघड आहे. त्याचे उत्तर सर्वांनी मनोमन ठरवून टाकलेले असते: विश्रांती. आजींना उठू द्यायचे नाही, पाण्याचा पेला हातात द्यायचा, जिना बंद, बाजार बंद. प्रांजळपणे सांगावयाचे तर वैद्यकीय व्यवसायातील आम्ही मंडळीही दीर्घकाळ असाच सल्ला देत आलो. हेतू चांगला होता; परिणाम मात्र रुग्णाच्या हिताचा नव्हता.

शस्त्रक्रियेत नेमके काय बदलते?

झिजलेला गुडघा बदलण्याची कल्पना शंभराहून अधिक वर्षांची आहे. १८९० मध्ये बर्लिन येथे थेमिस्टोक्लीस ग्लूक या शल्यविशारदाने हस्तिदंताचा बिजागरीसारखा सांधा बसवून पाहिला होता. आजच्या सांध्याचा मूळ आराखडा मात्र १९७० च्या दशकात न्यूयॉर्क येथे तयार झाला. जॉन इन्सॉल, पीटर वॉकर यांच्यासमवेत त्या कार्यात भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन राणावत यांचा मोठा वाटा होता. याच डॉ. राणावत यांनी २००० आणि २००१ साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर मुंबईत शस्त्रक्रिया केली आणि ‘गुडघा बदलता येतो’ ही वार्ता घरोघरी पोचली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. त्यामुळे मध्यमवर्गीय आणि गरजू कुटुंबांनाही ही शस्त्रक्रिया आवाक्यातील वाटू लागली.

या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांवरील झिजलेला पृष्ठभाग काढून तेथे धातूचे आवरण बसवितात व त्या दोहोंमध्ये उच्च प्रतीच्या प्लॅस्टिकची गादी ठेवतात. आवश्यकतेनुसार गुडघ्याच्या वाटीची मागील बाजूही बदलतात. हाडावर हाड घासण्याची वेदना त्यामुळे जाते. पण या साऱ्या साहित्यात पाय उचलणारी शक्ती नसते. बिजागरी कितीही उत्तम बसविली तरी दार आपोआप उघडत नाही. ते ओढणारा हात लागतो. गुडघ्याच्या बाबतीत हा हात म्हणजे मांडीचा स्नायू. शल्यविशारद सांधा नवा देऊ शकतात, मांडी मात्र रुग्णाची स्वतःची, पूर्वीचीच राहते.

मांडी दुबळी का होते?

मांडीच्या पुढील भागात चार भागांचा एक मोठा स्नायूसमूह आहे. वैद्यकीय परिभाषेत त्यास क्वाड्रिसेप्स म्हणतात. खुर्चीतून उठणे, जिना चढणे-उतरणे, एसटीच्या उंच पायरीवर पाय टाकून अंग वर उचलणे ही सर्व कामे प्रामुख्याने याच्याच बळावर होतात. कृत्रिम सांध्यात मापक बसवून केलेल्या अभ्यासांतून असे दिसले आहे, की सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, तर जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट भार येतो. हा भार झेलताना सांध्याला धक्का बसू न देण्याचे काम मांडी करते.

गुडघा दुखू लागला की माणूस नकळत त्या पायावर कमी भार टाकतो. न वापरलेला स्नायू रोडावत जातो. पण केवळ वापर कमी झाल्याने हे घडते असे नाही. सुजलेल्या सांध्यातून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात, ते मांडीच्या स्नायूला मिळणारी आज्ञाच क्षीण करतात. निरोगी व्यक्तींच्या गुडघ्यात अवघे २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे, द्रव भरला असता मांडीच्या आतील बाजूचा स्नायू मंदावतो, असे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. म्हणूनच काही रुग्ण ‘मी जोर लावते आहे, पण पाय ऐकतच नाही’ असे सांगतात. ते आळसापोटी बोललेले नसते. त्यांची तक्रार शब्दशः खरी असते.

शस्त्रक्रियेनंतर ही अडचण काही काळ अधिकच वाढते. अमेरिकेतील अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर सुमारे एका महिन्याने मांडीची शक्ती आधीच्या तुलनेत ६० टक्क्यांच्या आसपास घटलेली आढळली. याचा अर्थ समजण्यासाठी साधे गणित करू. समजा, एका रुग्णाची मांडी २० किलो भार उचलू शकते आणि दुसऱ्याची १० किलो. दोघांवर सारखीच उत्तम शस्त्रक्रिया झाली आणि दोघांचीही शक्ती ६० टक्क्यांनी घटली. पहिल्याकडे ८ किलो उरले, दुसऱ्याकडे ४. शस्त्रक्रिया तीच, सांधा तोच. पण एक रुग्ण आधाराने का होईना स्वतः उठून बसतो आणि दुसऱ्याला प्रत्येक वेळी दोघांनी धरून उठवावे लागते. शस्त्रक्रियेपूर्वीची मांडीची शक्ती ही वर्षानंतरच्या हालचालींची पूर्वसूचना देणारी एक महत्त्वाची बाब आहे, असेही २००५ मधील एका अभ्यासात दिसून आले.

वय झाले, आता बळ कसे येणार?

ही शंका जवळजवळ प्रत्येक रुग्ण व्यक्त करतो. तिचे उत्तर वैद्यकीय इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करातील थॉमस डीलॉर्म हे तरुण डॉक्टर शिकागो येथील लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. गुडघ्याच्या दुखापतीनंतर सैनिकांच्या मांड्या रोडावत आणि हलक्या व्यायामाने त्या महिनोन्महिने भरून येत नसत. डीलॉर्म यांनी हलक्या वजनाच्या असंख्य आवर्तनांऐवजी जड वजनाची मोजकी आवर्तने द्यायला आरंभ केला आणि शक्ती वाढेल तसे वजनही वाढवीत नेले. १९४५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्रमशः वाढत्या भाराचे हेच तत्त्व आजही सर्व बलवर्धक व्यायामांचा पाया आहे.

तरुण सैनिकांना जे साधले ते वृद्धांना साधेल काय, याचे उत्तर १९९० मध्ये बोस्टनहून आले. तेथील वृद्धसेवा संस्थेतील सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम देण्यात आले. ज्या नऊ जणांनी हा क्रम पूर्ण केला, त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतील स्नायूलाही काम दिले की तो प्रतिसाद देतो, हे त्यातून सिद्ध झाले. सांधेरोपणासाठी येणारे आपले बहुतेक रुग्ण साठी-सत्तरीतील असतात. त्यांनी निराश होण्याचे कारण नाही.

अपेक्षा किती ठेवावी?

देणगीदार व विश्वस्तांपुढे ही बाजू मांडताना अतिशयोक्ती टाळणे आमचे कर्तव्य आहे. शस्त्रक्रियेपूर्वी नियमाने व्यायाम केलेल्या रुग्णांची पहिल्या काही आठवड्यांतील हालचाल, विशेषतः खुर्चीतून उठणे आणि चालणे, अधिक चांगली असते असे अनेक अभ्यास सांगतात. वर्षभराने मात्र व्यायाम केलेल्या व न केलेल्या रुग्णांतील अंतर बरेच कमी होते. म्हणजे या व्यायामाचा मुख्य लाभ सुरुवातीच्या, सर्वांत कठीण काळात मिळतो. ज्या घरात शुश्रूषेला एकच माणूस आहे आणि त्याचाही रोजगार बुडतो आहे, त्या घरासाठी हे सुरुवातीचे आठवडेच निर्णायक असतात.

याबाबत आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. डेन्मार्कमधील १०० रुग्णांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करून नंतर व्यायाम, आहार आणि मार्गदर्शन असे उपचार देण्यात आले, तर उर्वरित अर्ध्यांना शस्त्रक्रियेवाचून केवळ हेच उपचार मिळाले. वर्षभराने पहिल्या गटातील ८५ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६७ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा होती. शस्त्रक्रियेचा लाभ अधिक, हे निःसंशय. पण शस्त्रक्रियेविना सुधारलेल्यांची संख्याही दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्या दुसऱ्या गटातील साधारण चौघांपैकी एकानेच त्या वर्षात शस्त्रक्रिया करवून घेतली. तेव्हा व्यायामानंतर एखाद्या रुग्णाने ‘तूर्त शस्त्रक्रिया नको’ असे सांगितले, तर ती तारीख वाया गेली असे समजू नये. ती तारीख प्रतीक्षा यादीतील दुसऱ्या गरजूला मिळते.

व्यायामाचा क्रम

प्रारंभी भौतिकोपचार विभागात रुग्णाची तपासणी होते. त्यातील एक चाचणी घरीही समजण्यासारखी आहे. हात छातीशी दुमडून घेऊन, टेकूशिवाय, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजावे. ६५ ते ६९ वर्षांच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पायांची शक्ती वयाच्या मानाने कमी आहे असे समजतात. आपल्या रुग्णांपैकी काहींना प्रथम एकदाही हात न टेकता उठता येत नाही. त्यांचा आरंभ तेथूनच होतो.

शस्त्रक्रियेपूर्वी किमान सहा ते आठ आठवडे मिळाले तर उत्तम. पुढील व्यायाम प्रथम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकून मगच घरी करावेत.

१. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी व गुडघा खाली दाबून मांडी घट्ट करावी. पाच अंक मोजून सैल सोडावी. मांडीला ‘पुन्हा आज्ञा घ्यायला’ शिकविणारा हा पहिला धडा होय. तो रोज करता येतो.

२. उताणे निजून एक गुडघा दुमडावा आणि दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. सुलभ वाटू लागल्यावर घोट्याला वाळूची पिशवी बांधावी.

३. उंच खुर्चीवर बसून पाय हळूहळू सरळ करावा, क्षणभर थांबावे व तितक्याच हळू खाली आणावा. अर्ध्या किलोच्या वजनापासून आरंभ करून ते वाढवीत न्यावे.

४. खुर्चीतून उठणे व सावकाश बसणे. प्रथम खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी, नंतर उशी काढावी. सर्व व्यायामांत दैनंदिन जीवनाच्या सर्वांत निकट असणारा हा व्यायाम आहे.

५. ओट्याचा किंवा भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे, तसेच पाय सरळ ठेवून बाजूला नेणे. यामुळे पोटऱ्या व खुब्याचे स्नायू बळकट होतात आणि चालताना तोल सावरतो.

६. हातांच्या खुर्चीत बसून दोन्ही हातांवर जोर देऊन अंग किंचित वर उचलणे. शस्त्रक्रियेनंतर वॉकर धरताना हातांत बळ लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

वजनाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड करावेत. प्रत्येक व्यायामाची ८ ते १२ आवर्तने आणि असे दोन ते तीन फेरे पुरेसे आहेत. वजन इतके असावे, की शेवटची दोन आवर्तने करताना खरोखर श्रम पडावेत. बारा आवर्तने सहज होऊ लागली तर वजन वाढविण्याची वेळ झाली असे समजावे. विकतची वजने परवडत नसल्यास जाड कापडाच्या पिशवीत वाळू भरून ती किराणा दुकानातील काट्यावर तोलून घ्यावी; तिचे काम तेवढेच चोख होते.

वेदनेचे काय? व्यायाम करताना थोडे दुखले म्हणजे सांधा अधिक झिजला, अशी समजूत असते; ती बरोबर नाही. वेदना शून्य ते दहा अशी मोजली, तर पाचपर्यंतची वेदना चालू शकते, मात्र ती २४ तासांत पूर्वस्थितीला आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सूज व दुखणे वाढलेलेच असेल तर वजन कमी करावे. व्यायाम सोडून देऊ नये. श्वास रोखून जोर लावू नये. अंक मोठ्याने मोजले की श्वास आपोआप चालू राहतो. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी वैद्यांच्या अनुमतीविना आरंभ करू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, पोटरीत अचानक सूज व वेदना, गुडघा लाल-गरम होऊन ताप येणे यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम थांबवून तत्काळ रुग्णालयात यावे.

व्यायामाला आहाराची जोड

स्नायू केवळ श्रमाने घडत नाही. त्याला प्रथिने लागतात. आपल्याकडील वृद्धांचे, विशेषतः स्त्रियांचे, रात्रीचे जेवण अनेकदा चहा-चपाती किंवा मऊ भातावर भागते. दोन्ही वेळच्या जेवणात घट्ट वरण, उसळ, दही वा दूध आणि चालत असल्यास अंडी किंवा मासळी असावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहाराविषयी वैद्यांना विचारावे. रक्तातील साखर आटोक्यात आणणे व हिमोग्लोबिन वाढविणे याच काळात व्हावयास हवे. स्थूल रुग्णाचे एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी उतरतो.

तंबाखूविषयी स्पष्टच लिहितो. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या अनेक आजी दिवसातून चार वेळा मिश्री लावतात आणि विचारल्यावर ‘कसलेच व्यसन नाही’ असे सांगतात. मिश्री हीदेखील तंबाखूच आहे. तंबाखूमुळे जखम भरण्यास विलंब होतो. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे ती बंद व्हायला हवी. ही माहिती लपवू नये, ही कळकळीची विनंती.

नातेवाइकांना विनंती

रुग्णाची सेवा म्हणजे त्याची सर्व कामे आपण करणे, ही आपल्या संस्कारांतून आलेली समजूत आहे. या आठवड्यांत मात्र सेवेचा अर्थ किंचित वेगळा आहे. आईला पाणी आणून द्यावयाचे की तिला उठून घेऊ द्यावयाचे, हे विचारपूर्वक ठरवावे. तिच्या व्यायामाच्या वेळी जवळ बसावे, आवर्तने मोजावीत, वहीत नोंद करावी. घरातील नातवंडांना हे काम फार आवडते असा आमचा अनुभव आहे.

शस्त्रक्रियेनंतर मांडी घालून किंवा उकिडवे बसणे सहसा टाळावे लागते. म्हणून पूजा, जेवण व स्वयंपाकासाठी उंच बैठक, शौचासाठी कमोडची खुर्ची, न्हाणीघरात धरायला दांडा व न घसरणारी चटई ही व्यवस्था आधीच करावी. वॉकरने चालणे आणि जिन्याचा नियम, म्हणजे चढताना चांगला पाय आधी व उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हेही शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून ठेवावे. भुलेचा अंमल आणि टाक्यांची वेदना असताना नवी गोष्ट शिकणे कठीण जाते.

देणगीदार व विश्वस्तांस निवेदन

धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या योजनेनुसार महाराष्ट्रात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या जातात. ही तरतूद खाटेवर दाखल झालेल्या रुग्णाला मोठा आधार देते. परंतु ज्या आठवड्यांविषयी हा लेख आहे, त्या आठवड्यांत रुग्ण खाटेवर नसतो. तो आपल्या घरी, अनेकदा दूरच्या गावी असतो. व्यायाम शिकण्यासाठी आठवड्यातून एकदा यायचे तर त्याची आणि सोबत्याची एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे पडते. याच कारणास्तव गरजू रुग्ण दुसऱ्या खेपेस येत नाहीत.

त्यांच्यासाठी लागणारी सामग्री अत्यंत साधी आहे: वाळूच्या पिशव्या, हातांच्या भक्कम खुर्च्या, मोठ्या अक्षरांत व चित्रांसह छापलेली व्यायामपत्रिका, प्रवासभाड्याची तरतूद आणि दर आठवड्याला दूरध्वनीवरून ‘आजी, या आठवड्यात वजन वाढविले का?’ असे विचारणारा एक भौतिकोपचारतज्ज्ञ. शस्त्रक्रियागृहातील यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. वाळूच्या पिशवीवर ती लावता येत नाही. तथापि दात्यांनी दिलेला महागडा सांधा ज्या मांडीच्या आधाराने चालणार आहे, तिची सिद्धता याच सामग्रीतून होते.

सांधेरोपणाचे यश आम्ही क्ष-किरण चित्रात पाहतो. रुग्णाच्या दृष्टीने ते अन्यत्र असते. कोणाचाही हात न धरता खुर्चीतून उठणे, रात्री एकट्याने न्हाणीघरापर्यंत जाणे, देवळाच्या पायऱ्या चढणे, यात त्याचे यश असते. त्या यशाचा आरंभ शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही. तारीख मिळाली त्याच दिवशी, घरातल्या खुर्चीवरून, पहिल्यांदा हात न टेकता उठण्याच्या प्रयत्नात तो झालेला असतो.